लाल डोळ्यांच्या लेकी

आबा, आज कॉलेजात मुलींनी माश्यांचं खाणं शिजवताना पातेलं करपवलं आणि जळक्या गुळाचा वास जिन्यापर्यंत आला, म्हणून लिहायला बसले. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि आगर पिठल्यासारखं घोटत राहावं लागतं, हे तुम्हीच शिकवलं होतं. विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या विभागात तुम्ही परिचर होता आणि फळमाश्यांच्या खोलीचा सगळा स्वयंपाक तुमच्याकडे होता. घरी मात्र तुम्ही कधी चहासुद्धा केला नाही. आई म्हणायची, "घरच्या माणसायला चहा नाय, अन् माश्यायला शिरा." तुम्ही हसून चपला घालायचा आणि बजाजनगरहून सातची बस पकडायचा.

त्या माश्यांवर संशोधन करणाऱ्या सरांचा प्रश्न माझ्याआधी तुम्हाला समजला होता. पाचोडला काकांच्या बागेत गळून पडलेल्या मोसंब्यांवरून तुम्हीच त्या माश्या धरून आणल्या होत्या. सरांनी त्यांचे दोन भाग केले. एक गुळाच्या खाण्यावर, दुसरा मोसंबीच्या रसावर, आणि दोघांची एकमेकांशी कधीही गाठ पडू द्यायची नाही. एकाच घरातली माणसं अशी वेगळी ठेवली तर किती पिढ्यांनी ती एकमेकांना परकी होतील, हे त्यांना पाहायचं होतं. नवी जात काही एका दिवसात जन्माला येत नाही. आधी येणंजाणं थांबतं, मग ओळख पुसट होते, आणि शेवटी सोयरीकच जुळत नाही. दोन भाग ओळखू यावेत म्हणून सरांनी मोसंबीवर जर्दाळूच्या रंगाच्या डोळ्यांच्या निवडून ठेवल्या होत्या, गुळावर लाल डोळ्यांच्या. नऊ वर्षं तुम्ही त्यांना दर पंधरा दिवसांनी नव्या बाटल्यांत हलवलंत. माझी दहावी, बारावी, एमएस्सी सगळं त्या नऊ वर्षांत झालं, आणि बाटल्या एकदाही मिसळल्या नाहीत.

तुमची पद्धत ठरलेली होती. गुळावरच्या माश्या सकाळी. मग साबणानं हात, चहा, दुसरा सदरा, आणि मोसंबीवरच्या माश्या चहानंतर, दुसऱ्या टेबलावर. त्यांच्या बाटल्यांच्या तोंडाचे कापसाचे बोळे आईच्या हिरव्या लुगड्याच्या कापडात शिवलेले, म्हणजे नजरचूक नको. आणि नव्या बाटलीत कोष दिसेपर्यंत जुनी बाटली धुवायची नाही. "जित्याचं काम हाय. एक घर बसलं तर दुसरं पायजे का नाय?" असं तुम्ही म्हणायचा.

पीएचडीसाठी मी त्याच खोलीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक ब्रश दिला. माश्या बेशुद्ध केल्यावर नर-मादी वेगळे करायचा, त्याचे केस तुम्ही ब्लेडनं छाटून मऊ केले होते. चारचौघांत तुम्ही मला मॅडम म्हणायचा. मला त्याची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

त्या शनिवारी तुम्ही पाचोडला होता, आत्याच्या मुलीच्या साखरपुड्याला. "दोन्ही एका दिशी करू नको, मोसंबीच्या मी सोमवारी येऊन करतो," असं सांगून गेला होता. पण मला दुपारी मैत्रिणीबरोबर सिनेमाला जायचं होतं, आणि बापाच्या सोवळ्याचं मला हसू यायचं. मी दोन्ही एकाच टेबलावर, एका तासात उरकल्या. आदल्या दिवशी माझ्या प्रयोगासाठी मी निवडून ठेवलेले गुळावरचे नर एका बरणीत होते. मोसंबीवाल्यांना एकत्र करून चार बाटल्यांत वाटायचं होतं, त्यांचीही बरणी तशीच. घाईत न बघता मी एकीत दुसरी रिकामी केली. मग टेबल स्वच्छ दिसावं म्हणून जुन्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. सोमवारी तुम्ही त्या पालथ्या बाटल्यांकडे बघत राहिलात.

अकराव्या दिवशी मोसंबीच्या चारही बाटल्यांतून लाल डोळ्यांच्या माश्या निघाल्या. नऊ वर्षांचं वेगळेपण संपलं होतं. सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "माश्या तुम्हीच हलवता ना? मग हे कसं झालं?" एवढंच तुम्हाला विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून त्यात बघत उभी राहिले. आणि मग मीच म्हणाले, "आबांकडून चुकून झालं असेल, सर." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. म्हणजे, तसं वाटून घेणं सोपं होतं.

"झालं असंल साहेब," तुम्ही म्हणालात. "माझ्या हातून झालं असंल."

पुढच्या आठवड्यात तुम्हाला स्पिरिटमध्ये ठेवलेल्या सापांच्या आणि माशांच्या खोलीत पाठवलं. तुमची उरलेली नोकरी मेलेल्या प्राण्यांच्या बरण्या पुसण्यात गेली. माश्यांच्या खोलीच्या दारावरून जाताना तुम्ही पावलं भरभर टाकायचा, ते मी आतून ऐकायचे.

सरांनी विचारलं त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये तुम्ही एकच गोष्ट विचारली होती. "निस्त्या माद्याच लाल हायेत का गं? का नर बी?"

"माद्याच," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसलात. उतरल्यावर माझ्यासाठी पावशेर खारे दाणे घेतले, मी शाळेत असताना घ्यायचा तसे. मला वाटलं, अपमान गिळायला माणूस काहीतरी विकत घेतो.

तीन दिवसांनी मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. तो लाल रंग बापाकडून फक्त लेकीत उतरतो. लेकाचे डोळे आईवर जातात. लेकीच लाल, म्हणजे बाटलीत शिरले ते लाल नरच, एकही मादी नाही. आणि नर निवडून वेगळे ठेवायचं काम तुमचं नव्हतं, माझं होतं. अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस लागतात. दहा दिवस मागे मोजले तर तो शनिवार येत होता. तुम्ही सातवी शिकलेले, हे सगळं बसच्या बाकावर बसल्या बसल्या तुम्हाला कळलं होतं, आणि तरी दाणे माझ्यासाठी घेतलेत.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात. सहा वर्षं आपण एका ताटात जेवलो. तुमच्या आजारपणात मी उशाशी बसायचे आणि रोज ठरवायचे की आज सांगते. तुम्ही माझ्या पदवीचा फोटो पाहुण्यांना दाखवायचा. एकदा म्हणालात, "माश्या कशा हायेत?" मी म्हणाले, "बऱ्या आहेत." त्या तर कधीच फेकून दिल्या होत्या. आबा, मला तुमची इतकी आठवण येते की कधीकधी मला तुमचा राग येतो. एकदा रागावला असता तर मी पाया पडून मोकळी झाले असते.

आता मीच शिकवते. दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांना तुमची पद्धत सांगते, हिरवे बोळे, दुसरा सदरा, जुनी बाटली धुवायची नाही, सगळं. मुलं मन लावून ऐकतात. आणि शेवटी, कामात ढिलाई केली तर काय होतं ते कळावं म्हणून, सांगते की एवढ्या काटेकोर माणसाच्या हातूनही एकदा बाटल्या मिसळल्या आणि नऊ वर्षांचं काम गेलं. आजही तसंच सांगितलं. पातेलं करपवणारी शेंद्र्याची एक मुलगी आहे, हुशार आहे, तिनं हात वर केला. "पण मॅडम, आबा तर जुन्या बाटल्या ठेवायचे ना? मग त्यातनं परत माश्या का नाय वाढवल्या?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि माझ्या हातात तुमचा ब्रश होता. एका वाक्याचं काम होतं.

हे पत्र मी त्या हिरव्या बोळ्यांच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरं कुठं ठेवू. तिला मी काय उत्तर दिलं ते तेवढं लिहायचं राहिलं आहे. मी म्हणाले, "त्यांचं वय झालं होतं गं, विसरले असतील." तुम्ही तेव्हा बावन्न वर्षांचे होता, आबा. आज मी तेवढीच आहे.