ह्यांच्या हातावरची पट्टी

२ मार्च १८४६, सोमवार

अनाथाश्रमात शिवणाला गेले आणि नको ते पाहिलं. अपोलोनिया, सात वर्षांची पोर, डोक्यात खवडा. डॉक्टर ट्राउटफेटरांनी तिच्या डोक्याला डांबर फासून कापडाची टोपी चिकटवली होती. ती आज ओढून काढली — केसांसकट! दोघींनी तिला धरलं होतं. त्यातली एक मी.

घरी ह्यांना सांगितलं. हेही डॉक्टर; ऐकून तापलेच. "रक्ताचा दोष नाही तो, बुरशी आहे! पावावर येते ना, तशी. एकीच्या टोपीतून दुसरीला लागते. टोप्या-कंगवे वेगळे ठेवा, रोगट केस एकेक उपटा. डांबर कशाला?"

पण ट्राउटफेटरांना पुरावा हवा. २८ तारखेला डॉक्टरांची सभा आहे. तिथे पुरावा दिला नाही, तर डांबर चालूच राहणार.

पुरावा म्हणजे काय, तर अपोलोनियाची खपली ह्यांनी स्वतःच्या हातावर रुजवायची!

३ मार्च

ह्यांनी डाव्या हातावर सुरीने ओरखडे काढले, खपलीची पूड लावली आणि हात माझ्यापुढे केला. एका हाताने पट्टी बांधता येत नाही. "घट्ट नको हं, थेक्ला." आणि हे सूक्ष्मदर्शकाकडे वळले.

मी पूड रुमालाने पुसून काढली. रुमाल बाहीत खोचला. मग पट्टी बांधली.

ह्यांचे मित्र लिंडेनाउ गेल्या वर्षी प्रेत चिरताना बोट कापून बसले, आठव्या दिवशी गेले. त्यांची बायको चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसते, काळ्या कपड्यांत. मला तसं बसायचं नाही.

१३ मार्च

काही उगवलं नाही. हे दिवसातून चारदा भिंग लावून बघतात.

१४ मार्च

पुन्हा ओरखडे. पुन्हा पूड. पुन्हा रुमाल.

देवा, तुला दिसतंय. वेगळं काय सांगू?

२२ मार्च, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर ट्राउटफेटरांनी गाठलं. सगळ्यांदेखत — "काय डॉक्टरसाहेब, बाग कशी आहे? कोंब फुटला का? की शेण घालायचं राहिलं?" लोक खो खो हसले. हेही हसले, पण कान लाल झाले होते.

वाटेत म्हणाले, "म्हातारा बरोबरही असेल गं."

कोबीचं सूप दोघांनीही टाकलं. ह्या घरात अन्न कधी टाकलं नव्हतं.

२५ मार्च

अपोलोनियाला नवी टोपी चिकटवली आहे. सोमवारी ओढणार. मला म्हणाली, "बाई, ह्या वेळी तुम्ही नका धरू. तुम्ही फार जोरात धरता."

२६ मार्च

हे कबुलीपत्र लिहून बसले. 'माझं मत चुकीचं ठरलं', वगैरे. शनिवारी सभेत वाचणार. माझं अक्षर बरं, म्हणून स्वच्छ प्रत काढायला मलाच दिलं! 'दोनदा प्रयोग करूनही' एवढं उतरवलं आणि हात चालेना. सांगायला तोंड उघडलं.

"काय गं?"

"काही नाही. शाई संपली."

शाई काठोकाठ होती.

२७ मार्च

कपडे धुताना बाही वर केली. काही दिवस खाज होती, साबणाने असेल म्हटलं होतं. मनगटाच्या वर, जिथे रुमाल खोचायचे तिथे, पिवळी खपली — छोट्या वाटीसारखी! शेजारी दुसरी.

तशीच ओल्या हाताने ह्यांच्या खोलीत गेले. ह्यांनी भिंग लावलं आणि ओरडले, "उगवली! थेक्ला, उगवली!" नुसते नाचायचे बाकी होते. मग थांबले.

"पण तुला कशी?"

सांगितलं. सगळं.

ह्यांनी पत्र फाडलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तू यायचंस. हात दाखवायचा. कसं झालं तेही तूच सांगायचं, सगळ्यांसमोर."

२८ मार्च

सांगून आले. ट्राउटफेटरांनी स्वतः भिंग लावून पाहिलं. डांबर बंद!

हे कालपासून माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत.