बारा लॅपटॉप, एकच बॅटरी

परभणी, शनिवार, सायंकाळी

उद्याच्या कोडिंग कार्यशाळेसाठी आपापल्या लॅपटॉपवर, मी पाठवलेल्या सूचनांनुसार, पायथॉन ही संगणकभाषा बसवल्याचे स्क्रीनशॉट बारा जणींनी व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले. बाराही चित्रांत बॅटरी त्रेचाळीस टक्केच कशी? योगायोग म्हणावा, तर घड्याळातली वेळही तीच.

पेडगावच्या सुनीताताईंना फोन केला. "झालं की सर!" मी त्रेचाळीस टक्क्यांचा विषय काढताच त्या हसल्या. "पोलिसावानी इचारायलात, तर सांगते. चौथ्या पायरीवर अडकले. मग आपल्या ग्रुपातल्या पुष्पाचा फोटोच पुढं ढकलला, बाकीच्यांनीबी तसंच केलं. ज्यांचं झालं न्हाई त्यांनी येऊ नये, असं तुमीच लिवलं ना? मला तर यायचंय."

माझ्या सूचनांतली चौथी पायरी पुन्हा वाचली : 'आपल्या संगणकास अनुकूल फाइल निवडावी.' अनुकूल कोणती, हे त्यांनी कसे ओळखावे? संशय त्यांच्यावर घेत होतो, तो आता माझ्याच वाक्यावर येतो. अट लगेच मागे घेतली, सर्वांना तासभर आधी बोलावले. पण उरलेल्या पायऱ्या? त्यांचाही भरवसा वाटत नाही.

सूचनांची परीक्षा सोपी आहे. हे काम कधीच न केलेल्या माणसाच्या हाती सूचनांचा कागद द्यावा आणि शेजारी तोंड मिटून बसावे. ज्या पायरीवर तो मान वर करून आपल्याकडे पाहील, ती पायरी पुन्हा लिहावी.