शिडीचं रीळ

३ नोव्हेंबर

आले एकदाची. शिलाई मशीन जिन्यावरून चढवताना हमालाने तोंडातल्या तोंडात माझा बराच उद्धार केला, पण मशीनला ओरखडा नाही. खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. खिडकीतून समोरच्या बेकरीचं धुराडं दिसतं. गादी कडक आहे, तेही बरंच. मऊ गादीवर एकटं माणूस उगाच मधोमध घसरतं.

घर अण्णांचं. अण्णा ऐंशीच्या घरातले, पूर्वी त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. खाली त्यांची सून असते, तिला शेजारीपाजारीही सूनबाईच म्हणतात. अण्णांना नाद जुन्या विनोदी मूकपटांचा, आणि तेही बोटभरही रुंद नसलेल्या घरगुती फिल्मवरच्या. टीव्ही यायच्या आधी मोठ्या चित्रपटांच्या अशा छोट्या आवृत्त्या दुकानात मिळायच्या आणि हौशी माणसं भिंतीला चादर टांगून घरच्यांना दाखवायची. इथे एक अख्खी खोली पत्र्याच्या डब्यांनी भरलीय. अण्णांचे हात थरथरतात, म्हणून तुटलेल्या फिल्म सांधायला मला ठेवलंय. बोटं शिवणाऱ्या बाईची आहेत आणि सराव आमच्या ह्यांच्यामुळे झालेला. ह्यांनाही हाच नाद होता. लग्न झाल्यापासून ह्यांची रिळं मीच सांधत आले, तोंडाने कटकट करत.

नणंदबाई म्हणाल्या, त्याच डब्यांच्या गराड्यात कशाला जातेस, त्रास होईल. बघू. आज तरी चहा फक्कड मिळाला आणि कितीतरी दिवसांनी भूक लागली.

६ नोव्हेंबर

मला काम येतं हे माहीत असूनही अण्णांनी शेजारी बसून पुन्हा शिकवलं. फाटलेल्या चौकटी कापायच्या, टोकं जुळवायची, पट्टी चिकटवून दाबायची. प्रत्येक सांध्यात दोनतीन चौकटी जातातच, शिवणीत कापड जातं तशा.

अण्णांची एक रीत आहे. प्रत्येक विनोदी रिळाच्या शेवटी ते घरच्या चित्रणाचा तुकडा जोडतात. मुलगा टबात बसलाय, कुत्रा शेपटीमागे धावतोय. एका रिकाम्या खुर्चीचं तर इतकं लांबलचक चित्रण आहे की मला हसू आलं. असली चित्रं एकट्याने बघू नयेत, म्हणून घरचे शेवटी बसवून ठेवतो, असं अण्णांचं म्हणणं. मात्र चित्र आणि घरचे यांच्यामध्ये वीतभर काळी फिल्म हवीच. आणि जोडायचं ते शेपटीला, रिळाच्या पोटात कधीही नाही. का, म्हणून विचारलं तर चष्मा पुसत बसले. म्हाताऱ्या माणसांची खुळं. मला तर ती काळी फिल्म वाया घालवणंच वाटतं.

९ नोव्हेंबर

आज शिडीचं रीळ हाती आलं. हे आमच्याकडेही होतं. एक गबाळा रंगारी शिडीवर चढतो, शिडी सरकते, तो दाणकन आपटतो. मग उठून बसतो, कपडे झटकतो, टोपी घालतो आणि पुन्हा चढायला लागतो. हे बघताना हसून हसून आमच्या ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, कारण स्वतः पाट्या रंगवणारे. काम घराजवळ असलं की खाली शिडी धरायला मी. वरून रंगाचे थेंब अंगावर पडायचे आणि मी भर रस्त्यात भांडायची.

शेवटचं काम गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. मशीनवर दुसऱ्याचे कपडे होते, मी घरीच होते. शिडी सरकली. ह्यांनी कपडे झटकले नाहीत.

दुपारभर डोळे गळत होते. सूनबाईने डोकं दुखतंय का विचारलं, मी हो म्हटलं.

११ नोव्हेंबर

माझ्याजवळ ह्यांचा एकच तुकडा आहे, धाकट्या दिरांनी काढलेला. हे शिडीवर, हातात ब्रश, खाली बघून हसताहेत. खाली म्हणजे माझ्याकडे. मी चित्रात नाही, शिडीचे पायही नाहीत.

अण्णा झोपले होते. मी शिडीचं रीळ कापलं. रंगारी वर चढतो तिथे मधे ह्यांना घातलं, पुढे ते पडणं आणि उठणं तसंच ठेवलं. काळी फिल्म लावली नाही. पोटात जोडलं, समजून उमजून. ह्या चित्रात पडलेला माणूस उठतो. मग आमचेच का उठू नयेत?

१२ नोव्हेंबर

दुपारी माझ्या खोलीत पडदा ओढून अण्णांच्या प्रोजेक्टरवर रीळ लावलं. हे शिडीवर हसले. शिडी सरकली. पडला तो रंगारी नव्हता. अंगात चौकड्यांचा शर्ट, तिसरं बटण मी भलत्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. हे पडले, उठून बसले, कपडे झटकले, आणि माझ्याकडे बघून हसले.

हे कुणीही कधी चित्रित केलेलं नाही. मला कळतंय ते. मी भ्यायला हवं होतं. मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडले आणि रीळ पुन्हा लावलं. पुन्हा उठले. अंधार पडेपर्यंत तेच. नणंदबाईंना फोनवर सांगितलं की माझं इथे छान चाललंय. त्यांना फार बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

फिल्म उठण्याच्या जागी झिजतेय. रोज तिथेच तुटते, मी सांधते, चौकटी जातात. आता हे कपडे झटकत नाहीत, एकदम उभेच दिसतात. शर्टाचं कोपर फाटलंय. कपाळावरून काळं काहीतरी ओघळतं. मूकपटात रक्त काळंच दिसणार.

हसायचे थांबलेत. वर चढताना माझ्याकडे बघून काहीतरी म्हणतात. ओठ मी ओळखते, संसार केलाय.

अगं, शिडी धर.

१६ नोव्हेंबर

आज लावलं नाही. डबा बंद करून कपाटात ठेवला, वर चादरी रचल्या.

जेवताना ऐकलं. लाकूड घासल्याचा आवाज. मग धप्प. कपाटातून.

थोड्या वेळाने परत. घासणं. धप्प.

म्हणजे मी लावो न लावो, हे पडतच आहेत. मीच त्यांना तिथे घातलंय.

१७ नोव्हेंबर

अण्णांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. बराच वेळ माझा हात धरून बसले. त्यांनीही एकदा बायकोला पोटात जोडलं होतं, एका नावेच्या चित्रात. नाव उलटते आणि सगळे हसतात, असं चित्र. डबा बंद केल्याने काही थांबत नाही म्हणाले. शेवटी त्यांनी तिला कापून काढलं. हातात आली ती कोरी पट्टी, काचेसारखी आरपार. आणि बाकीच्या सगळ्या रिळांतूनही ती गेली. राहिली नुसती खुर्ची.

त्या खुर्चीला मी हसले होते.

तिचा चेहरा त्यांना आता आठवत नाही. सांगताना लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, "तरी काप, पोरी. निदान त्याचं पडणं थांबेल."

१८ नोव्हेंबर

कात्री घेतली. पट्टी उजेडात धरली. प्रत्येक चौकटीत हे, नखाएवढे. प्रत्येक चौकटीत माझ्याकडे बघताहेत.

चेहरा जाईल. मग मी कुणासाठी रडू?

नाही कापवलं.

१९ नोव्हेंबर, सकाळ

उठण्याची जागा आज तुटली ती सांधलीच जाईना. बोटांत भुगा आला. आता नुसतं चढणं आहे आणि पडणं. त्यापुढे काही नाही.

हे वर चढलेत. डब्यात घासल्याचा आवाज सुरू झालाय. हे पडणं शेवटचं —

१९, दुपार

रीळ लावलंय. भिंतीवर हे. शिडीचे पाय चित्राच्या खाली — भिंतीवरून खाली — माझ्या फरशीवर. खरे. लाकूड गार आहे.

रीळ कधीच संपायला हवं होतं. चाक रिकामं फिरतंय. हे वरच आहेत.

सूनबाई दार वाजवतेय. अण्णांचाही आवाज. सोड म्हणताहेत. कसं सोडू —

एका हाताने लिहितेय. दुसरा शिडीवर. वहीवर थेंब पडला. रंग. ओला. भांडणार नाही हो आता, पडू दे किती पडायचे ते.

वजन येतंय. खालून सरकतेय. एका हाताने नाही — अहो, खाली बघू नका, मी आहे — थांबा, दोन्ही हातांनी ध