रेघ उमटली का?

४ मार्च
आले एकदाची देजॉन शहरात! प्रयोगशाळेच्या खिडकीतून डोंगर दिसतो, आणि माणसं तर सोन्यासारखी. म्योंगहीताई सगळ्यांत थोरल्या. आल्या आल्या म्हणाल्या, अगं हेवॉन, इथे लाजलीस तर उपाशी मरशील! दुपारी सगळे एका टेबलावर जेवतात. आमचे प्रमुख कू सर, त्यांनी चमचा उचलला, की मग बाकीच्यांनी. काम सोपं आहे. मुलांच्या मूत्रपिंडासाठी सरांनी औषध काढलंय. ते लागू पडत असेल तर चाचणीच्या पट्टीवर काळी रेघ उमटते. पुढच्या महिन्यात इस्पितळात मुलांना द्यायला सुरुवात, त्याआधी मी एकदा पडताळायचं.

११ मार्च
रेघ नाही. पुन्हा पुन्हा करून बघितलं. जेवताना सरांनी प्रेमाने विचारलं, उमटली का? मी नाही म्हटलं. ते हसले, पण चमचा उचललाच नाही. सार निवलं. मग सर उठले, सगळे उठले. भात तसाच.

१३ मार्च
आजही तेच. माझ्या शेजारी काम करणाऱ्या दोकसूदादाच्या पोटातली गुरगुर साऱ्या टेबलाने ऐकली. मला हसू फुटलं, बाकी कुणी हसेना. ताईंना म्हटलं, बाहेर जाऊन नूडल्स तरी खाऊ. त्या म्हणाल्या, सर उपाशी असताना? काहीतरीच काय बोलतेस! खोटं सांग, असं कुणीच म्हणत नाही. नुसते माझ्याकडे बघतात, तेही मायेने. तेच मला सोसवत नाही.

१७ मार्च
ताईंची गालफडं बसलीत. दादाला चक्कर आली. मी खोलीवर खाऊन बघितलं, घास उतरेना. दादाला विचारलं, तुला कधी दिसली रेघ? म्हणाला, सुरुवातीला कुणालाच दिसत नाही गं. मग दिसते.

२० मार्च
उमटली! मी ओढलेली नाही, आईशप्पथ. बारीक, काळी. सरांनी चमचा उचलला. काय तुटून पडले सगळे! ताईंनी मासा माझ्या भातावर ठेवला. मी रडत रडत जेवले.

२१ मार्च
जिवाला चैन नाही. औषधाऐवजी नुसतं पाणी घातलं.
रेघ.
पाकिटातून काढलेली कोरी पट्टी — रेघ.

२४ मार्च
भिंतीवर आहे. भातावर. ताईंच्या कपाळावर — त्यांना सांगितलं. म्हणाल्या, दिसायला लागलं ना? बरं झालं बाई.

२५ मार्च
इस्पितळाला फोन केला. मुलांना देऊ नका म्हटलं. तिकडच्या बाई म्हणाल्या, रेघ नसलेल्या पट्टीचा फोटो पाठवा. जुन्या काढल्या. पहिल्या दिवसाची — रेघ. दुसरी — रेघ. बाई म्हणाल्या, बरं, तोंडाने सांगा, तुमचा शब्द पुरे. उमटली की नाही? नाही. नाहीच उमटली, मला माहीत आहे. तोंड उघडलं — आणि मी म्हणाले, उम—