पाहुण्याचं ताट

२ डिसेंबर
नोकरीचा पहिला दिवस! 'धुक्याची वेस' हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत मी, लुडका, टेस्टर! दुसरा भाग जानेवारीत येतोय. त्यातल्या चुका शोधायच्या आणि वर पगार घ्यायचा! पहिला भाग मी बाबांच्या मांडीला मांडी लावून खेळले. राक्षस मारायचे सोडून बाबा घरोघरी जेवत हिंडायचे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे अवचित पाहुण्यासाठी जादा ताट मांडतात, तसं त्या खेळात प्रत्येक घरी असायचं. पाहुणा बसायचा, जेवायचा, उठून जायचा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई अजून त्या ताटाशी त्यांचीच खुर्ची लावते.

५ डिसेंबर
कसला दुसरा भाग अन् कसलं काय! घोड्याच्या आयाळीचा केस न् केस वेगळा, पण गावात कुणी दार उघडत नाही. ताटंच काढून टाकलीत! तक्रार नोंदवली. आमचा साहेब झेनोन म्हणाला, अगं लुडका, लोक ड्रॅगन मारायला पैसे मोजतात, तुझं ते नाताळचं बीटाचं सार प्यायला नाही. सगळे फिदीफिदी हसले. अशी तिडीक गेली डोक्यात!

१० डिसेंबर
सहावी तक्रारही बंद. शेरा काय, तर 'हे असंच हवंय'. बाबांनी हे पाहिलं असतं तर? शेवटी जुन्या भागातलं ताट कोडसकट उचललं आणि नव्या गावातल्या गिरणीवालीच्या घरात गुपचूप मांडलं. पाहुण्याचं बसणं आणलं, जेवणं आणलं. उठून जाणं मात्र नव्या भागात बसेना. दोन तास डोकं फोडलं, मग गेलं उडत म्हणून सोडून दिलं.

११ डिसेंबर
खेळात शिरून मी जाऊन बसणार, तर ताटावर आधीच कुणीतरी. पाठमोरा. खेळातली पात्रं काढणारे चित्रकार म्हणतात, हा आमचा नाही.

१६ डिसेंबर
त्याचं ताट चाटूनपुसून रिकामं. आता गिरणीवालीच्या जागी बसून तिचं खातोय. ती गावात कुठेच नाही. पात्रांच्या यादीतही नाही. झेनोन म्हणतो, कुठली गिरणीवाली? सुट्टी घे, बाई.

१९ डिसेंबर
एकोणीस घरं. माणूस एकही नाही. ताटं सगळी उष्टी. मी मांडलेलं ताट काढू पाहतेय, निघत नाही. तक्रार केली — बंद! कुणी ऐकेल का माझं?

२३ डिसेंबर
आज तोही नाही. सुटले बाई!

२४ डिसेंबर
आकाशात पहिला तारा दिसला, म्हणजे आता जेवायला बसायचं. माणसं दोन, ताटं तीन. आईला म्हटलं, यंदा ते ताट नको. भडकलीच. तुझ्या बापाचं ताट उचलू म्हणतेस?

दार वाजलं. आईने कोण म्हणून विचारलंही नाही. आजच्या दिवशी विचारायचं नसतं —

बाबांच्या खुर्चीत. पाठमोरा. आई हसतेय, तीन वर्षांत पहिल्यांदा. वाढतेय त्याला —

स्वयंपाकघरातून लिहितेय. तिला हाक मारली. म्हणते, पाहुण्याला कुणी उठवतं का —

उठून जाणं घालायला हवं होतं मी! अजून दोन तास बसले असते तर —

त्याचं ताट रिकामं झालं. आई, ऊठ तिथून! आई —

तो शेजारच्या खुर्चीत बसलाय. तिथलं ताटही उष्टं. कुणाचं? मी तर इथे एकटीच राहते. मग हे वर लिहिलंय, ती आई कोण —

आता माझ्या ताटाक