चार हातांच्या वॉल्ट्झची पाने

एका बाकावर बसून दोघे जण एकच पियानो वाजवत असताना ताल तुटला, तर तो नेमका कोणी तोडला? मला याचे उत्तर देता येत नाही. वैद्यकीच्या परीक्षेत हा प्रश्न आला नाही, हे माझे नशीब. घरात मात्र तो दोन वर्षे तसाच पडून आहे, आणि मुख्यतः त्याच्यासाठीच हे मृत्युपत्र.

मी, डॉ. ओटीली वोंद्राक, वय सत्तावीस, राहणार योझेफश्टाट, व्हिएन्ना. येत्या गुरुवारी माझ्या गळ्यातील गाठ काढायची आहे. अशा शस्त्रक्रियेत काय काय होऊ शकते ते मी शिकले आहे, म्हणून कोणी माझी समजूत घालू नये. माझे डोके ठिकाणावर आहे. लिहिताना कोणी दडपण आणलेले नाही. बाबा मध्येच डोकावून "सूप गार होतंय" म्हणाले, ते दडपणात धरू नये.

पहिले. टपालखात्यातील माझी बचत माझे वडील अलोइस वोंद्राक यांना. पियानोच्या कारखान्यात झाकणांना पॉलिश करून त्यांनी मला आमच्या घरातली पहिली पदवीधर केले. त्यांनी यातून हिवाळी कोट घ्यावा. "आहे तो अजून चालेल" असे ते म्हणतील. ऐकू नये.

दुसरे. सूक्ष्मदर्शक मुलींच्या शाळेला, मुलींना त्याला हात लावू देण्याच्या अटीवर. कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायचे असेल, तर देऊ नये. सायकल माझी मैत्रीण डॉ. माल्विने हिला. तिने ती दिवसाढवळ्या, भर रस्त्यातून चालवावी. वळून बघणाऱ्यांना एकदाची सवय होऊ दे.

तिसरे. मी पहिल्याच बाकावर बसलेली असताना, प्रत्येक व्याख्यान केवळ "सज्जनहो" म्हणून सुरू करणाऱ्या प्राध्यापकांना माझा चष्मा.

चौथे, आईचे वॉल्ट्झचे पुस्तक. उत्तरेकडून येऊन आमच्याच शहरात मुरलेल्या एका गंभीर, दाढीवाल्या संगीतकाराचे हे छोटे छोटे वॉल्ट्झ. कॉफीवरची साय विरघळेपर्यंत एक संपतो. चार हातांसाठी लिहिलेले. डावीकडे बसून खालचे सूर वाजवणार बाबा, उजवीकडे वरचे सूर वाजवणार आई. आई गेल्यावर तिच्या जागी तिची बहीण, हेर्मिने मावशी, वरच्या मजल्यावरून दर रविवारी खाली येऊ लागली.

मग माझ्या पदवीची मेजवानी आली. पाहुण्यांसमोर एका संथ वॉल्ट्झमध्ये दोघांचे ताल वेगळे झाले. पेडल डावीकडच्याचे, हा नियम. पण बाबांना आवरायला मावशीने आपला बूट तिकडे घातला. बाबा सपाता घालून बसले होते.

"माझा अंगठा!" बाबा ओरडले.

"मी पेडल दाबलं. मध्ये तुझा अंगठा असेल तर मी काय करू?"

"मी तालात होतो, हेर्मिने."

"होतास ना! तुझ्या एकट्याच्या!"

तेव्हापासून एका जिन्यावर राहून दोघे बोलत नाहीत. बोलते ती मी. "तुझ्या मावशीला सांग, तिच्या कुंड्यांचं पाणी माझ्या खिडकीवर पडतं." "तुझ्या बापाला सांग, खिडकी धुतली जातेय, आभार मान." उद्या मी नसले, तर ही दोन माणसे आपापल्या खोलीत गप्प म्हातारी होतील. गळ्यातल्या गाठीपेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

पुस्तक एकाला दिले तर दुसरा कायमचा रुसणार. प्रत्येकाला त्याचा त्याचा भाग द्यावा, तर तेही जमत नाही. उघडलेल्या पुस्तकात डाव्या पानावर बाबांचे सूर, उजव्यावर मावशीचे. म्हणजे प्रत्येक कागदाच्या एका अंगाला तिचे सूर आणि पाठीला त्यांचे.

म्हणून हे कलम मी माझ्या मृत्यूवर अवलंबून ठेवलेले नाही. आज दुपारी पुस्तकाची शिवण मी उसवली. एक कागद बाबांना, पुढचा मावशीला, असे करत सगळे वाटले आणि दोघांच्या दारांखालून आत सरकवले. आता दोघांचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय एकही वॉल्ट्झ पुरता वाजणार नाही.

थोड्याच वेळात बाबा बाहेर आले. "हा काय चावटपणा, ओटी? निम्मी पानं कुठायत? तिला विचार!"

वरून मावशी कठड्यावर वाकली. "त्याला सांग, माझ्या पानांना तेलकट हात लावायचा नाही!"

दोघे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी दोघांनाही सांगितले, की निरोप पोहोचवण्याचे काम मी आजपासून सोडले आहे. आणि दार लावून हे लिहायला बसले.

साक्षीदार:
डॉ. माल्विने रोझनफेल्ड (सायकल मिळणार असल्याने चौथ्या कलमापुरतीच साक्ष)
थेक्ला क्रातोखविल, इमारतीची रखवालदारीण
लेओपोल्ड हावलिक, तळमजल्यावरचे घड्याळजी

सही: ओटीली वोंद्राक
व्हिएन्ना, ९ नोव्हेंबर १९११