नऊ दिवसांचा ताप

प्रिय ताई,

माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी असून तू साऱ्या विभागाची ताई झालीस. तू विद्यापीठ सोडलंस त्याला आता चार वर्षं झाली. तुझ्या टेबलावर हल्ली प्रिंटर ठेवलाय. तुझ्याइतकाच कुरकुरतो, पण तुझ्या निम्मंही काम करत नाही.

आपल्या साथरोग विभागात कोण कोणाबरोबर संशोधन करतं, याचा नकाशा काढायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला की मध्ये रेघ. मला कुठे थांबायचं कळतं? कोणाची फाइल कोणी वापरली, त्याच्याही रेघा ओढत बसले. साथ कुठून कुठे गेली हे आपण शोधतो ना, अगदी तसंच.

तुझा तापावरचा निबंध मागे घ्यावा लागला होता, त्यापायीच तू नोकरी सोडलीस. तापाचे दिवस रुग्णाला सांगता आले नाहीत, की फॉर्मवर नऊ लिहायचं, हा आपला नियम. फाइल बनवताना ते नऊ खरेच दिवस धरले गेले, आणि निम्म्या रुग्णांना नऊ दिवसांचा ताप चढला! चौकशी समितीपुढे तू म्हणालीस, “चूक माझी.” मी शेजारीच बसले होते. फॉर्म तीनदा तपासल्याशिवाय चहाला न उठणारी तू अशी कशी चुकलीस, याचं मला नवल वाटलं होतं.

परवा रेघा मागे मागे नेल्या, तर त्या माझ्याच ठिपक्यापाशी येऊन थांबल्या. ती फाइल मीच बनवून तुला दिली होती आणि साफ विसरून गेले होते. समितीच्या आदल्या दिवशी तू माझी मूळ फाइल उघडून पाहिलीस, याचीही नोंद सापडली. म्हणजे तुला ठाऊक होतं. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, हेही ठाऊक होतं. आधी तुझा भयंकर राग आला. कोणी सांगितला होता हा मोठेपणा? मग रडू आवरेना. तुझ्याच जागी मला बढती मिळाली, तेव्हा मी नाचत तुला कळवलं होतं, आणि तू अभिनंदनाचं किती गोड पत्र पाठवलंस!

आज सकाळी नकाशा आणि माझा कबुलीजबाब, दोन्ही सरांच्या हातात दिले. समिती पुन्हा बसेल, तुलाही बोलावणं येईल. म्हणून हे पत्र. तू परत मला पाठीशी घालशील, मी ओळखून आहे तुला. हात जोडते ताई, या वेळी माझं नाव सांग.

तुझीच,
धांदरट